मुठीचा माठ आणि छतावरचा खांब

मी, खाली सही करणारा लखन वामनराव गुरनुले, वय सत्तावीस, राहणार भेंडाळा, मंडल बेला, जिल्हा आदिलाबाद, राज्य तेलंगणा, असे लिहून ठेवतो की, आज मी शुद्धीवर आहे, कोणी मला धमकावलं नाही, फूस लावली नाही, काही पाजलेलं नाही, आणि हे अक्षर माझंच आहे. धंद्याच्या जागी काय लिहावं, असं मी यशवंतराव गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "भटक्या लिही." मग थोडं थांबून म्हणाले, "नको, तहसीलवाले ती जात समजतील." म्हणून ती जागा मोकळी सोडली आहे. गुरुजींनी मला सातवीपर्यंत मराठी शिकवलं, पुढची शाळा तेलुगू होती आणि मी तिच्यातून दहावीला पळालो. तेव्हा चुका असतील त्या अर्ध्या त्यांच्या.

१. माणसाचा नेम नाही, असं अशा कागदांत सुरुवातीला लिहितात. माझा थोडा नेम आहे. लहानपणी मला सांधे सुजून ताप यायचा. मायने लेप लावले, शेक दिला, देवाला नारळ फोडले. ताप गेला, पण जाताना काळजाची एक झडप खराब करून गेला. ती बदलायला मला येत्या आठवड्यात हैदराबादला बोलावलं आहे. डॉक्टर तेलुगूत भरभर बोलले. मला सगळं कळलं, भारतदादाला अर्धं कळलं, आणि उरलेलं अर्धं मी त्याला सांगितलं नाही. ते असं आहे, की झडपेला इन्फेक्शन झालं आहे, काळीज पसरलं आहे, आणि पोरगा टेबलावरून उठेलच असं सांगता येत नाही. दादा, तू हे वाचत असशील तर आता कळलं.

२. आजार काळजाला आहे, डोक्याला नाही. डोकं फिरलं होतं म्हणून हा कागद चालत नाही, असं पुढे कोणी म्हणू नये. माझं डोकं फिरलेलं आहे असं गाव मी चालायला लागलो तेव्हापासून म्हणतं. त्याला कोर्टात किंमत नाही, हे गुरुजींनी पक्कं सांगितलं.

३. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. मात्र बोलण्याच्या भरात काही लोकांना काही काही देऊन बसलो आहे. मोटरसायकल तर तिघांना दिली आहे. ते सगळे शब्द आजपासून रद्द.

४. माझं बरंवाईट झालं तर मला हैदराबादहून गावी आणावं. गाडी मिळायला अडचण झाली तर तिथेच उरकावं, मला कोणतीही जागा चालते. तेरवीला पंगत घालू नये. गोड खाऊन लोक माझ्याबद्दल चांगलं बोलतील आणि मला ते ऐकू येणार नाही, तर खर्च कशाला?

५. बँकेत जे काही आहे ते सगळं माझी माय विमलबाई हिचं. माझा फोनही तिचा. तिला त्यातलं एकच काम येतं, हिरवं चित्र दाबून मुधोळच्या मावशीला लावायचं. रोज दिवे लागायच्या वेळी दोघी बहिणी एकमेकींना तोंड दाखवतात आणि बोलतात थोडंच. मावशी म्हणते, "काय केलं वो?" माय म्हणते, "वांग्याचं." मग दोघी बसून राहतात. लग्न झाल्यापासून इतकं त्या कधीच भेटल्या नव्हत्या. ते बंद पडू नये. पुढची सगळी कलमं त्यासाठीच आहेत असं समजलं तरी चालेल.

६. मोटरसायकल विकावी. विकायचं काम बेल्याच्या संतोषने करावं, कारण माझी गाडी म्हटलं की लोक भाव पाडतात. संतोष कोण ते पुढे येईल. आलेली रक्कम त्याने मुठीच्या माठात टाकावी. एकदम नाही, दर अमावस्येला एक एक मूठ. एकदम टाकली तर माठ भरलेला दिसेल, गावाला कळेल, आणि मेलेल्या माणसाचं नाव घेतलं तर काय बिघडतं, असं म्हणून कोणीतरी भोंग्याकडे पळेल. माठ म्हणजे काय आणि भोंगा कोणता तेही पुढे येतं. गुरुजी म्हणत आहेत की आधी ते लिहायला हवं होतं. आता खोडाखोड करत नाही.

७. आता खांब.

बाबा गेल्यावर वाटणी झाली. भारतदादाला खालचं घर आणि भाजीचा मळा, मला माडीची एक खोली आणि तिच्यावरचं छत. मी मळा मागितला नाही. वांगी लावून ती तोडेपर्यंत एका जागी थांबणं मला जमलं नसतं. त्या छतावर लोखंडी खांब आहे, त्याला एक छत्री, म्हणजे नेट पकडणारी डिश, आणि खाली कुलूप लागणारा पत्र्याचा डबा. डब्यात बॅटरी आणि दिवे लुकलुकणारी यंत्रं आहेत. गावात माझं म्हणण्यासारखं तेवढंच आहे.

हे मी कुठे शिकलो? बेल्लमपल्लीला. घरातून निघालो तेव्हा नक्की कुठे जायचं ठरलं नव्हतं, ती गाडी तिकडे जात होती. आधी इंद्रवेल्लीच्या बाजारात फोनची कव्हरं विकली, मग मुधोळला मोबाइलच्या दुकानात बसलो. तो मालक मला "हवा विकणाऱ्या" म्हणायचा, कारण मी गिऱ्हाइकाशी गप्पाच जास्त करायचो. त्याला माझ्याकडून काही नाही. मग बेल्लमपल्लीला खाणकामगारांच्या क्वार्टरांवर केबल ओढायच्या कामाला लागलो. तिथे संतोष माझा जोडीदार होता. तो शिडी धरायचा, मी चढायचो. तेव्हा काळीज बरं होतं, म्हणजे बरं आहे असं वाटत होतं. त्या छतांवर बसून आम्ही पाहिलं, नेटची एक लाइन घेऊन दहा घरं वाटून वापरतात आणि कोणाचंच अडत नाही.

भेंडाळा खोलगट जागी आहे. एका बाजूला पैनगंगा, दुसऱ्या बाजूला टेकडी. नदीपलीकडच्या टॉवरची रेंज नदीपलीकडेच राहते, आणि आपल्या टॉवरची टेकडीवर अडते. फोन करायचा तर टेकडीवरच्या मारोतीपर्यंत चढावं लागायचं. संतोष बेल्याला परत येऊन जीप चालवू लागला, तेव्हा मी त्याला म्हटलं, बेल्यात नेटची लाइन घेऊ, तुझ्या छतावर एक छत्री, माझ्या छतावर एक, दोघी एकमेकींकडे तोंड करून. मधे फक्त कापसाची शेतं आहेत.

नियम एवढाच ठरला. लाइनचं बिल गावाने आपखुशीने भरायचं. ज्याला जमेल त्याने, जमेल तेवढं. न देणाऱ्याचंही चालू राहील. पासवर्ड नाही. आदिलाबादला संस्था नोंदवायला गेलो, तर तिथला कारकून मराठीच निघाला. त्याने कागद उलटेपालटे केले.

"याच्यात नफा कोन खाते?"

"कोनीच नाई."

"मंग तू काऊन करून राह्यला?"

मी कागद सरळ करून पुन्हा त्याच्यापुढे ठेवले. त्याने माझ्याकडे पाहून शिक्का मारला. संस्था नोंदली गेली, नाव भेंडाळा गावनेट.

आणि गाव द्यायचं. कोणी पैसे, कोणी भाजी, म्हातारे यशवंतराव गुरुजी पेन्शनमधून. कापसाचा भाव घरी बसून कळू लागला, पोरं टेकडीवरून उतरून ओट्यावर अभ्यासाला बसली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे संतोषला नेटावरून फोन लागायचा. रात्र असो की दिवस, साप चावला, कोणी पडलं, बाई अडली, की हिरवं चित्र दाबायचं, संतोषची जीप बेल्याहून निघायची.

८. हे कलम राग आहे. गुरुजी म्हणतात मृत्युपत्रात राग लिहीत नाहीत. मला दुसरा कागद मिळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मी दोन दिवसांसाठी मुधोळला गेलो आणि हंगामभर राहिलो. माझं तसंच होतं. मागे देणगी गोळा करायचं काम उद्धवरावांनी अंगावर घेतलं. उद्धवराव म्हणजे गावातल्या मारोती मंदिराच्या कमिटीचे प्रमुख, टेकडीवरचा मारोती वेगळा. भंडाऱ्याची वर्गणी तेच जमवतात, आणि गावची रीत अशी की ज्याने दिलं त्याचं नाव आरतीनंतर भोंग्यावरून घ्यायचं. नेटासाठीही त्यांनी तेच केलं. संध्याकाळ झाली की भोंगा खरखरायचा: "भेंडाळ्याच्या नेटासाठी, यशवंतराव गुरुजी यांच्याकडून, पाचशे एक रुपये!" वर्गणी वाढली. इतकी वाढली की बिल भरून वर उरू लागली. उद्धवरावांनी ते वाईट मनाने केलं असं मी म्हणत नाही. त्यांचा आवाज चांगला आहे आणि तो ऐकवायला त्यांना आवडतं, एवढंच.

न देणाऱ्याचं नाव कधीच घेतलं नाही. पण ज्याचं नाव आलं नाही त्याला ते माहीत असतंच की.

चंपाबाई लेनगुरे, विधवा, आमच्या मागच्या गल्लीत राहते, मेथी-पालक लावते. मुलगा प्रवीण बेल्लमपल्लीला कंत्राटावर. त्या वर्षी पाण्याने तिची भाजी बसली होती. एक दिवस ती गावातल्या रेणुकाबाईच्या किराणा दुकानात फोन घेऊन आली. पुढचं बोलणं मला रेणुकाबाईनेच सांगितलं. ते तिने इतक्या वेळा सांगितलं आहे की मला पाठ झालं आहे.

"रेणुका, हे नेट माह्या फोनातून काढून टाक."

"काऊन वो मावशी?"

"आपलं नाव नाई येत भोंग्यावर. रोज ऐकतो ना आमी. दुसऱ्याचं वापरून राह्यलो असं वाटते."

"कोनी काई म्हटलं का तुमाले?"

"म्हनते कोन? म्हटलं असतं त बरं झालं असतं."

रेणुकाबाईने समजावलं, मग काढून टाकलं. आणखी चार-सहा घरांनी तसंच केलं. भांडण नाही, तक्रार नाही, गुपचूप.

कापूस वेचणीच्या दिवसांत चंपाबाईच्या सुनेच्या पोटात दुपारीच कळा सुरू झाल्या. सून म्हणजे मंजुषा. वेळेच्या आधीच. गाव शेतात होतं. चंपाबाई फोन घेऊन टेकडीवर पळाली. वाटेत अशी घरं लागतात जिथे म्हातारी माणसं होती, ज्यांचे फोन जोडलेले होते. तिने कोणाला हाक मारली नाही. का नाही मारली, हे तिला कोणी विचारू नये. मी विचारलेलं नाही. मारोतीपाशी रेंज येत-जात होती. संतोषला फोन लागला तेव्हा तो लगेच निघाला, पण लगेच म्हणजे तेव्हा उशीरच होता. जीपमध्ये मंजुषाला मुलगी झाली. बेल्याच्या अलीकडे मंजुषा गेली. संतोषला आरशात दिसत होतं, तो गाडी थांबवू शकत नव्हता. आता तो जीपमधला आरसा वर करून ठेवतो.

नेट त्या दिवशी चालू होतं. डब्यातले सगळे दिवे हिरवे होते. परत आल्यावर मी चंपाबाईच्या अंगणात, तुळशीपाशी उभा राहून फोन पाहिला. पूर्ण रेंज येते.

मी उद्धवरावांकडे गेलो. ते म्हणाले, "मी कोनाले वापरू नको म्हटलं का? दिलं त्याचं नाव घेतलं. न देणाऱ्याचं एकडाव तरी घेतलं का, सांग." ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला ते सहन झालं नाही. माझ्या खांबाच्या डब्यातून भोंग्याला वीज नेणारी वायर मी कापली. त्यांनी ठाण्यात तक्रार दिली. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही, आणि त्यांनी मंदिरामागून दुसरी वायर ओढून घेतली आहे. ती वायर कापायला मी कोणाला सांगत नाही. पण खांबाच्या डब्यातून तिला वीज मिळणार नाही, असं इथे नोंदवतो.

९. माठाबद्दल. हा नियम माझ्यानंतर बदलायचा नाही.

मंजुषा गेल्यानंतर वर्गणीसाठी मी रेणुकाबाईच्या दुकानाच्या ओट्यावर मातीचा माठ ठेवला आहे. दर अमावस्येला घरटी एकाने यायचं. सगळ्यांनी यायचं, ज्याला द्यायचं आहे त्याने आणि ज्याच्याजवळ नाही त्यानेही. मूठ बंद करून माठात घालायची, आत उघडायची, आणि हात उघडा करून बाहेर काढायचा. बस. माठाच्या तळाशी रेणुकाबाईने जुनं लुगडं अंथरलं आहे, नाणं वाजू नये म्हणून. कोणी कोणाच्या मुठीकडे पाहायचं नाही. नोटा चुरगळतात अशी रेणुकाबाईची तक्रार आहे, ती तिने चालवून घ्यावी. शहरातली पोरं फोनवरून पैसे पाठवायचं म्हणतात. त्यांनी ते आपल्या घरच्या माणसाला पाठवावे आणि त्याने मुठीतून टाकावे. कारण फोनवर नाव येतं.

लहान पोरं खोटी खोटी मूठ घालायला रांग लावतात. लावू द्यावी.

एक गोष्ट खरी सांगायला हवी. माठ आल्यापासून रक्कम कमी पडते. काही महिने पडते, काही महिने नाही. कमी पडायची ती मी कुठेतरी कोणाचा कॅमेरा बसवून, कोणाची वायर ओढून भरत होतो. त्यासाठीच भटकत होतो असं म्हणणार नाही, मी तसाही भटकलोच असतो. पण चढायला डॉक्टरांनी मनाई केल्यापासून तेही गेलं. उद्धवराव ओट्यावर बसून मला ऐकू येईल असं म्हणतात, "नाव घेतल्याबिगर हात खिशात जात नाई."

तर माझ्यामागे माठात कमी पडलं, तर नेट मंद करावं, पण सगळ्यांचं सारखं. आणखी कमी पडलं तर संध्याकाळपुरतं ठेवावं. आजारी माणसासाठी जीपला फोन लागेल एवढं तरी राखावं. तेही जमलं नाही तर खांब उतरवून भंगारात द्यावा, मला वाईट वाटणार नाही. पण कोणी दिलं आणि कोणी नाही, हे भोंग्यावर, भिंतीवर, फोनवर, कुठेही येता कामा नये. नेट बंद पडलं तर गाव पुन्हा टेकडीवर चढेल. तो त्रास आहे. दुसरं झालं तर लोक घरात बसून लाजतील, आणि ते कोणाला दिसणार नाही.

१०. भारतदादा.

आदिलाबादचा एक केबलवाला आला होता. खांबाचं भाडं देतो म्हणाला, आणि गावाने दर महिन्याला रिचार्ज मारायचं. ज्याचं रिचार्ज संपलं त्याचं बंद. दादाने त्याला चहा पाजला. तो गेल्यावर दादा माडीवर आला. मी पडलो होतो, तो उंबऱ्यातच बसला.

"लखन, देऊन टाकू का?"

"नाई."

"तू त चालला हैदराबादले. मांग माय त्या खांबाकडं पाहून पाहून रडन. त्याचं भाडं तरी येऊ दे घरात."

"मी येतो ना वापस."

"येशीन," तो म्हणाला, आणि माझ्या पायावरची चादर नीट केली. ती नीटच होती.

दादा, तुला लोभ आहे असं मी समजत नाही. मी फिरत राहिलो आणि तू पाणी देत राहिलास, मळ्याला आणि मायला. म्हणून माडीची खोली तुझी. त्यात भाजी ठेव, भाडेकरू ठेव, काहीही कर. पण तिच्यावरचं छत, खांब, छत्री, डबा आणि त्यातलं सगळं, आणि छतावर जाण्या-येण्याचा हक्क मी भेंडाळा गावनेट या संस्थेला देतो. ते विकता, गहाण ठेवता किंवा भाड्याने देता येणार नाही. केबलवाल्याला चहा पाजायला हरकत नाही.

११. माझी हत्यारं, म्हणजे वायरीचं टोक बसवायची पक्कड, टेस्टर, शिडी, कमरेचा पट्टा आणि दोर, हे सगळं रुपावहिनीचं. रुपावहिनी म्हणजे भारतदादाची बायको. दादा, तू हे वाचून हसशील. मागच्या पावसात वीज कडाडून यंत्र जळालं, तेव्हा मला चढता येत नव्हतं. मी खाली बसून सांगत होतो आणि वर तुझी बायको होती, साडी खोचून. तू मळ्यात होतास. त्यानंतरचं प्रत्येक दुरुस्तीचं काम तिचं आहे. माझ्या डोळ्यांपेक्षा तिला वायरीचे रंग बरे दिसतात. तुला सांगितलं नाही कारण तू शिडी लपवली असतीस. आता शिडी तिची आहे, लपवलीस तर चोरी होईल.

१२. डब्याची किल्ली.

ही एकच आहे. दुसरी मी मुधोळच्या बसमध्ये हरवली. ती माझ्यामागे चंपाबाई लेनगुरे यांच्याजवळ राहील. दुरुस्तीला रुपावहिनी मागेल तेव्हा त्यांनी द्यावी आणि परत घ्यावी. कोणी नियम बदलायचा म्हटला, नावं वाचायची म्हटली, यादी लावायची म्हटली, तर त्यांनी देऊ नये. कारण सांगायची गरज नाही. त्यांना यंत्रातलं काही कळत नाही, असं कमिटीवाले म्हणतील. त्यांना जे कळतं ते दुसऱ्या कोणाला कळण्याची वेळ येऊ नये, म्हणून किल्ली त्यांच्याकडे.

मंजुषा गेल्यापासून चंपाबाईने फोन पुन्हा जोडलेला नाही, आणि माठापाशीही त्या कधी आल्या नाहीत. आम्ही बोलावलं नाही. हे कलम मी त्यांना न विचारता लिहिलं आहे. सही करण्याआधी विचारणार आहे.

१३. उद्धवरावांना मी काही देत नाही. माफीही देत नाही, ती माझ्याजवळ द्यायला नाही, ती असली तर चंपाबाईजवळ असेल. मात्र या कागदाला साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावलं आहे. गुरुजींनी विचारलं, वैऱ्याची सही कशाला? मी म्हटलं, जो हा कागद मोडायचा प्रयत्न करेल अशी भीती आहे, त्याचीच सही त्याच्यावर असलेली बरी. दुसरं कारण असं, की ते येतील की नाही हे मला पाहायचं होतं.

सहीआधीची नोंद. ही मूळ कागदात नव्हती. आज सकाळी रेणुकाबाईच्या ओट्यावर सगळे जमले तेव्हा जसं झालं तसं लिहितो. किल्लीच्या कलमाला जोडून वाचावं.

उद्धवराव आले. धुतलेला सदरा घालून आले आणि माझ्याकडे न पाहता ओट्याच्या खांबाशी टेकून उभे राहिले. चंपाबाई नातीला कडेवर घेऊन आल्या. मी किल्ली पुढे केली.

"मले काय समजते रे त्या डब्यातलं?"

"समजाले रुपावहिनी हाये. तुमी फक्त सांभाळाची. नावं वाचतो म्हटलं कोनी, की नाई द्याची."

"अन् लोक माह्यावर रागावले त?"

"तुमच्यावर कोन रागावते मावशी या गावात?"

पोरगी माठात डोकावत होती. चंपाबाईने तिला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि उद्धवरावांकडे पाहिलं.

"घेतो मी किल्ली. पण भोंग्यावर एक नाव राह्यलं."

उद्धवराव म्हणाले, "कोनाचं?"

"माह्या सुनेचं घ्या. एकडाव. मंग कोनाचंच नका घेऊ."

रेणुकाबाई आत निघून गेली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. उद्धवरावांनी ओट्याचा खांब सोडला. मग मंदिराकडे चालू लागले. ते परत येणार नाहीत असं मला वाटलं.

भोंगा खरखरला. नेहमीचाच आवाज, सवयीचा, मोठा: "भेंडाळ्याच्या नेटासाठी, मंजुषा प्रवीण लेनगुरे, यांच्याकडून..."

त्यापुढे रक्कम म्हणायची असते.

भोंगा चालूच होता. त्यातून श्वास ऐकू येत होता, साऱ्या गावाला ऐकू येत असेल. शेवटी बटण बंद केल्याचा खट्ट आवाज झाला. चंपाबाईने हात पुढे केला, किल्ली घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

उद्धवराव परत येऊन माझ्यासमोर बसले आहेत आणि पेन मागत आहेत. म्हणून इथेच थांबतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

ठिकाण: भेंडाळा, रेणुकाबाईच्या दुकानाचा ओटा
तारीख: २ फेब्रुवारी २०२५, रविवार

(सही) लखन वामनराव गुरनुले

साक्षीदार पहिला: यशवंतराव, निवृत्त शिक्षक, राहणार भेंडाळा. लखनने माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. मजकुरात मी काही सुधारलेलं नाही. (सही)

साक्षीदार दुसरा: उद्धवराव, राहणार भेंडाळा. लखनने माझ्यासमोर सही केली. सगळं वाचलं. आठवं कलमही वाचलं. त्यात खोटं काही नाही. (सही)